पांढरीचं इंजिन

अकोला, ४ ऑगस्ट २०२५

आदरणीय जानरावजी काळमेघ, वलगाव, यांना देवमन गावंडेचा अकोल्याहून नम्र नमस्कार.

येथे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. आपलीही असावी. आता मूळ विषयाकडे वळतो. आपण आपल्या कन्येच्या लग्नात प्रेमाने दिलेली पांढरी गाडी गेल्या आठवड्यात बंद पडली. 'बंद पडली' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. आधी 'बिघडली' लिहिले होते, पण त्यातून गाडीत मुळातच काही खोट होती असा सूर निघाला असता. तसे आमच्या मनातही नाही. माझी सारी नोकरी तहसील कचेरीत गेली, त्यामुळे शब्द कुठे जाऊन लागतो याची मला कल्पना आहे.

गाडी कशाने बंद पडली हे निश्चित सांगता येत नाही. चिरंजीव अंकुर मित्रांना घेऊन चिखलदऱ्याला गेला होता. घाट ती उत्तम चढली. परतताना अंजनगावच्या पुढे आपोआप शांत झाली. यात अंकुरचा काही संबंध नाही. तो फक्त चालवत होता.

येथील मेकॅनिक प्रीतम याने बॉनेट उघडून पाहिले आणि इंजिनाचे काम निघाले असे सांगितले. दोन मार्ग आहेत. एक, हेच इंजिन खोलून, बोअर करून, म्हणजे आतली नळकांडी घासून रुंद करून, त्या मापाचे नवे पिस्टन टाकून पुन्हा बांधायचे. दोन, हे काढून टाकायचे आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एखाद्या गाडीचे चांगले इंजिन आणून बसवायचे. "काका, तुमी सांगसान तसं करू," असे म्हणून तो मोकळा झाला.

निर्णयाचा अधिकार आपला. गाडी कागदोपत्री आजही आपल्याच नावावर आहे. ती अंकुरच्या नावावर करून घ्या असे आपण तेव्हा सुचवले होते. पण लग्नात आलेली गाडी मुलाच्या नावावर झाली असती तर लोकांनी तिला हुंडा म्हटले असते, आणि आम्ही हुंड्याच्या तत्त्वतः विरोधात आहोत. म्हणून गेली नऊ वर्षे आम्ही ती नुसती वापरत आलो.

माझे मत विचाराल तर आहे तेच इंजिन बांधावे. व्याह्यांनी दिलेल्या गाडीतून इंजिन काढून परके बसवणे म्हणजे आपला मान न राखणे. प्रीतमकडे, येथेच, शांतपणे काम होईल. आपण येण्याची तसदी घेऊ नये.

सूनबाई आकांक्षाची सध्या गाडीवाचून थोडी ओढाताण होते. तिचा जनावरांचा दवाखाना बाळापूरच्या पुढे, आणि त्याखालची गावे आडरस्त्याची. बाळापूरपर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन, असे चालले आहे. अकोल्यातल्या जिल्हा कार्यालयात टेबलाची एक जागा रिकामी होत आहे. अर्ज दिवाळीपूर्वी करावा लागतो. तोवर गाडीचे जमले नाही तर तिने फिरतीचे काम सोडून अर्ज करावा असे आमचे ठरले आहे. ती काही बोलली नाही. म्हणजे तिची संमती असावी.

हे पत्र उद्या तीच टाकेल. बाळापूरच्या बसस्थानकाजवळ पेटी आहे.

आपला,
देवमन गावंडे


वलगाव, ११ ऑगस्ट

व्याहीबुवा देवमनजी आणि विहीणबाई मैनाताई, दोघांनाही वलगावातून हात जोडून रामराम.

पत्र पोचलं. तुमचं अक्षर पाहिलं की तलाठ्याची नोटीस आली असं वाटून छातीत धस्स होतं. मग खालचं नाव वाचून जीव भांड्यात पडतो. रागावू नका, गंमत केली. हीच गंमत फोनवर केली असती तर लग्नाच्या वेळेसारखा तुम्ही फोन आपटला असता आणि मी पुन्हा वऱ्हाडी किती येणार यावरून आवाज चढवला असता. म्हणून तर रिद्धपूरच्या गोदाबाईंनी कायदा करून दिला. "तुमी दोघं फोनवर बोलत जाऊ नका. कागदावर माणूस सबुरीनं बोलते." सोयरीक त्यांनी जुळवली, पण टिकली ती या कायद्यामुळं.

आता पांढरीचं. तुम्ही माझ्या मानाचा एवढा विचार करता हे वाचून भरून आलं. पण माझं ऐका, इंजिन खोलू नका. कारखान्यात बांधलेलं इंजिन एकदा का बाहेरच्या पान्यानं खोललं की त्याची ती बसकण पुन्हा येत नाही. मी ते कधी कोणाला खोलू दिलं नाही. म्हणजे, तशी वेळच आली नाही. लग्नाआधी दोन महिने गाडी आमच्या धर्मेंद्रच्या गॅरेजात होती, ती फक्त धुण्यासाठी. तिच्यात मी कधी ओझं वाहिलं नाही. चार हंगाम संत्र्याचे कॅरेट नेले असतील, पण संत्री हलकीच असतात.

तेव्हा इंजिन सरळ बदला. दुसरं धर्मेंद्र नागपूरहून आणून देईल. खर्च माझा, यावर चर्चा नको. आणि जुनं इंजिन न खोलता, जसंच्या तसं माझ्याकडं पाठवून द्या. आठवण म्हणून गुरांच्या कोठ्यात ठेवीन.

आकांक्षाच्या बदलीचं म्हणता तर ते बरंच होईल. गावात लोक विचारतात, पोरगी काय करते? मी सांगतो, डॉक्टर आहे. कशाची, असं पुढं विचारलं की मी पाऊसपाण्याकडं वळतो. टेबलावर बसली तर 'ऑफिसर आहे' म्हणता येईल, आणि ते खरंही असेल.

गाडी झाली की दिवाळीला सगळे या. फक्त आकांक्षाला एक आठवण करून द्या. दरवेळी वेशीजवळच्या पारापाशी गाडी थांबते, ती उतरते आणि जावईबापू स्टीअरिंगवर बसतात. मागच्या वेळी ती विसरली. स्वतः चालवत थेट दारापर्यंत आली. जावईबापू बाजूच्या सीटवर, मांडीवर नात खुशीला घेऊन. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चौघांनी मला विचारलं, जावयाचा हात मोडला का? मी हो म्हणालो. आता सांगा, काय करणार होतो?

तुमचा,
जानराव


अकोला, २१ ऑगस्ट

आदरणीय जानरावजी यांना सविनय नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. एकदा मनात, एकदा मोठ्याने, सौभाग्यवतींना ऐकू जावे म्हणून. आपले मन मोठे आहे. परंतु इंजिनाचा खर्च आपण करायचा म्हणजे नऊ वर्षांनी पुन्हा एकदा घेतल्यासारखे होईल. ज्या कारणासाठी आम्ही गाडी नावावर करून घेतली नाही त्याच कारणासाठी इंजिनही घेता येत नाही.

शिवाय जुने इंजिन वलगावला पाठवण्याचे प्रयोजन माझ्या लक्षात आले नाही. कोठ्यात ठेवलेले इंजिन कोणीतरी कुतूहलाने उघडतेच. धर्मेंद्र तर उघडेलच. त्याने उगाच काहीतरी अर्थ काढण्यापेक्षा येथेच प्रीतमने खोलून बांधलेले बरे.

अंकुरकडे मी सविस्तर चौकशी केली. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला होता हे तो मान्य करतो. परंतु काटाच बिघडलेला असावा असे वाटल्याने त्याने दुर्लक्ष केले, आणि बिघडलेल्या काट्याकडे दुर्लक्ष करणे योग्यच आहे. गाडीत पाण्याच्या बाटल्या भरपूर होत्या. मात्र त्या पिण्याच्या होत्या.

सबब, इंजिन बांधण्यास आपण लेखी संमती द्यावी. संमतीशिवाय मी गाडीला हात लावू देणार नाही. ती अंगणात ताडपत्री घालून व्यवस्थित उभी आहे.

आपला,
देवमन गावंडे

ता. क. (हे मी मैना लिहून राहिली, यायले सांगून.) विहीणबाई रुख्मिणीबाई, गाडी व्यवस्थित उभी आहे, पोरगी नाही. सकाळी अंधारात निघते न दिवेलागणी झाल्यावर येते. मागं एका म्हशीपर्यंत येळेवर पोचली नाही, त त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, बाई, काहून जीव जाळतं, कर अर्ज. पोरगी म्हणे, "आई, मले टेबल नाही पाह्यजे." मी यायले सांगतलं. हे म्हणे, लिहितो पत्रात. लिहिलेलं दिसलं नाही म्हणून मीच लिहिलं.


वलगाव, २ सप्टेंबर

व्याहीबुवांना रामराम. विहीणबाईंनाही.

पोळा झाला. बैल आता गावात मोजकेच उरलेत, ट्रॅक्टरलाच झूल घालतात काही जण. तुमची आठवण निघाली.

तुमचं तत्त्व मी समजू शकतो. माझंही तत्त्व आहे. दिलेली वस्तू चालती राहिली पाहिजे, नाहीतर देणाऱ्याचं नाक जातं. तुम्ही खर्च केलात तर लोक म्हणतील, जानरावनं गाडी दिली पण गाडीचं इंजिन व्याह्यांनी घातलं. उद्या माझी तिरडी निघेल तेव्हाही हेच बोलतील.

आणि बोअर बोअर काय घेऊन बसलात? त्या इंजिनात बोअर करायला जागाच उरलेली नाही. म्हणजे, या मॉडेलात जागा मुळात कमीच असते, असं धर्मेंद्र कधीतरी सहज बोलला होता. तेव्हा खोलायचं नाव काढू नका. लेखी संमती मागता, तर लेखी कळवतो, संमती नाही.

विहीणबाईंनी लिहिलेलं वाचलं. बायकांचं बायका पाहून घेतील. आमच्या घरचीला वाचून दाखवलं तर तिलाही लिहायचं आहे म्हणते. पण तिचा चष्मा फुटला आहे. ती सांगते तसं मी लिहितो, मजकूर माझा नाही.

"मैनाबाई, आमच्या घरी बी तेच चालू आहे. मी यायले म्हटलं, पोरीले इचारा. हे म्हणतेत, तिले इंजिनातलं काय समजते? मी म्हटलं, अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून रेडकू काढते ते, तिले इंजिन नाही समजन का? त हे म्हणे, हा व्याह्या-व्याह्यातला इषय आहे. तुमी सांगा, गाडीवर व्याही बसून फिरते का? लिहा हो, जसं सांगतलं तसंच लिहा."

लिहिलं.

तुमचा,
जानराव


अकोला, २१ सप्टेंबर

आदरणीय जानरावजी,

हे पत्र मी जड अंतःकरणाने लिहीत आहे.

काल सकाळी फिरून आलो तेव्हा अंगणात ताडपत्रीची घडी होती, गाडी नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितले की ट्रॅक्टर आला होता, मागे दोर बांधून गाडी ओढून नेली, आणि सूनबाई स्वतः गाडीत स्टीअरिंग धरून बसली होती.

मी सगळे समजलो. आपण कन्येला निरोप धाडून गाडी परस्पर उचलून नेलीत. इंजिन आपल्या खर्चाने बदलून ती पुन्हा दारात आणून उभी करणार, म्हणजे आम्हाला नाही म्हणायला जागा राहणार नाही. आपला हेतू प्रेमाचा आहे यात शंका नाही. परंतु माझ्या अंगणातून माझ्या अनुपस्थितीत गाडी जावी, हे मनाला लागले. मी तक्रार करत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

आकांक्षाला मी काही विचारले नाही. हा आपल्या दोघांतला विषय आहे, तिला मध्ये ओढणे बरे दिसत नाही. सायंकाळी ती आपणहून म्हणाली, "मामाजी, गाडी मी नेली." मी म्हणालो, "ठाऊक आहे, तुझी काही चूक नाही." ती ताडपत्रीची घडी उचलून आत गेली.

जुने इंजिन आपण उघडलेच असेल. घाटात कोणाचीही गाडी तापते, एवढेच मी म्हणेन.

आपला,
देवमन गावंडे


वलगाव, २८ सप्टेंबर

देवमनजी,

गाडी माझ्याकडं नाही!

पत्र वाचलं आणि धर्मेंद्रच्या गॅरेजात पळत गेलो. तिथं दोन ट्रॅक्टर आणि एक ऑटो उभा आहे, पांढरी नाही. मी कोणाला निरोप दिला नाही. मग गाडी गेली कुठं? एकच उत्तर आहे. मी संमती नाकारली म्हणून तुम्ही मुकाट्यानं ती प्रीतमकडं खोलायला दिलीत, पोरीला पुढं केलंत आणि वर नाव माझं घेतलंत. तहसीलीतला माणूस, काय बोलू.

खोललंच असेल, तर आत जे काही दिसलं त्याचा मला काही थांगपत्ता नाही. गाडी धर्मेंद्रकडं धुवायला टाकली होती, तेव्हा मी संत्र्याच्या गडबडीत होतो. धुताना कोणी आत काय केलं असेल, मी काय उभा होतो का पाहायला?

दसरा झाला की गोदाबाईंना घेऊन अकोल्याला येतो. आता समोरासमोरच होऊ द्या. ही सोयरीक एका इंजिनापायी मोडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रुख्मिणी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, आणि कोणाच्या बाजूनं बोलत नाही तेही सांगत नाही.

जानराव


अकोला, ८ ऑक्टोबर

बाबा आणि मामाजी,

दोघांना एकच पत्र, दोन प्रतींत. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात महत्त्वाचं ते कागदावर असतं.

मामाजींची सगळी पत्रं मीच बाळापूरच्या पेटीत टाकली. एकही उघडलं नाही. उघडायची गरज नव्हती. मामाजी लिहिताना मोठ्यानं वाचतात, आणि बाबांचं आलेलं पत्र तर सगळ्या घराला पाठ असतं. त्यामुळं मला सगळं माहीत होतं. माझं काय म्हणणं आहे तेवढं कोणाला माहीत नव्हतं.

गाडी मी नेली, माझ्या मनानं. ट्रॅक्टर पिंटूभाऊंचा होता, माझ्या दवाखान्याच्या गावातले आहेत. प्रीतमला म्हटलं, माझ्यासमोर खोला. तो म्हणाला, "ताई, काकांले इचारलं का?" मी म्हटलं, गाडी कोण चालवतं? तो म्हणाला, "तुमी." मग त्यानं पाना उचलला.

मामाजी, तापमानाचा काटा धड आहे, मी तपासून घेतला. पाणी संपल्यावरही अंकुरनं गाडी बरीच चालवली, त्यामुळं इंजिनाचं हेड वाकलं आणि ब्लॉकला तडा गेला. बाबा, आतले पिस्टन मूळ मापाचे नव्हते. ते इंजिन लग्नाआधीच एकदा बोअर झालं होतं, अगदी शेवटच्या मापापर्यंत. म्हणजे एकानं बांधा म्हणून धरलं होतं आणि दुसऱ्यानं खोलू नका म्हणून, आणि त्या इंजिनात बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी तुमच्यावर रागावले नाही. अंकुरवर रागावले होते, ते संपलं. माझ्याकडं रोज माणसं जनावर घेऊन येतात. "मॅडम, सकाळपासून चारा खाल्ला नाही," एवढं सांगतात. आदल्या रात्री काय खाऊ घातलं ते कोणी सांगत नाही. मी पोटावर हात ठेवून बघते. तसंच हे.

इंजिन बदललं. मागून ठोकलेली एक गाडी प्रीतमच्या ओळखीत होती, तिचं. चालू करून, गरम होऊ देऊन, नीट ऐकून मगच घेतलं. पैसे मी दिले. मला पगार असतो, ही गोष्ट तुमच्या एवढ्या पत्रांत एकदाही आली नाही.

आता एक सांगायचं आहे, ते नीट वाचा. मामाजींचं पहिलं पत्र घेऊन मी घरून निघाले त्या दिवशी एक म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलेलं. मी बसमध्ये होते आणि बस फाट्यावर उभी होती. फोनवर सांगत राहिले, हात असा घाला, असा वळवा. घरधनी घाबरलेला, त्याला जमेना. मी पोचले तेव्हा म्हशीच्या अंगावर पोतं टाकलेलं होतं. घरातल्या बाईनं मला प्यायला पाणी दिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना पर्समधून पत्र काढून मी पेटीत टाकलं. त्यात कोणाचा मान कसा राखायचा ते लिहिलेलं होतं. मी पेटीपाशी उभी राहून रडले.

टेबलाचा अर्ज मी केला नाही. करणार नाही. गाडी असली तर मी पोचते.

राहिला कागद. नवीन इंजिनाचा नंबर आरटीओत नोंदवायला मालकाची सही लागते, आणि मालक बाबा आहेत. अंकुरच्या नावावर केली असती तर तो हुंडा झाला असता, म्हणून गाडी कोणाच्याच नावावर झाली नाही. माझ्या नावावर करता येते हे कोणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. नोंदीचा अर्ज आणि गाडी माझ्या नावावर करायचे फॉर्म सोबत आहेत. पेन्सिलची खूण आहे तिथं बाबांनी सह्या कराव्यात. मामाजींना सहीसाठी कुठंच जागा नाही. पण वलगावला पाठवण्याआधी फॉर्म त्यांनी तपासून द्यावेत, त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही.

गोदाबाईंना इकडं आणायची गरज नाही. आणायचंच असेल तर कळवा, मी गाडी घेऊन येते.

आकांक्षा

(फॉर्म तपासले. एका ठिकाणी पिनकोड राहिला होता, तो लिहिला. गाडी सूनबाईंच्या नावावर होण्यास आमच्याकडून कोणताही शेरा नाही. खरे म्हणजे ते नऊ वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते. दे. गावंडे)


वलगाव, १५ ऑक्टोबर

आकांक्षा,

व्याह्यायले लिवतो तशी भाषा तुले लिवाले बसलो त हात चालेना. म्हणून बोलतो तसंच लिवून राहिलो. एवढे कागद खरडले मी अकोल्याले, पन तुह्या नावानं हा पयलाच. तुह्या मायनं सांगतलं तवा ध्यानात आलं.

सह्या केल्या. जिथं पेन्सिल होती तिथं बी केल्या न जिथं नव्हती तिथं बी एक झाली, ते चालत नसन त कळव, दुसरा कागद धाड. देवमनजीले सांगजो का पिनकोड बराबर आहे.

बोअरचं धर्मेंद्रले इचारलं. तो म्हणे मले आठवत नाही. मले बी आठवत नाही.

तुह्यं पत्र मी पानठेल्यावर नेलं होतं. सगळं नाही वाचलं, म्हशीचं तेवढं वाचून दाखवलं. मंग एकजन म्हणे, जानरावभाऊ, पोरगी कशाची डॉक्टर आहे म्हणत होते तुमी? मी म्हटलं, जनावरायची. पयल्यांदाच म्हटलं. लई सोपं होतं म्हणायले, उगाच एवढे दिवस पाऊसपानी सांगत बसलो. त्या म्हशीचं वाचून मले बी वाईट वाटलं, पोरी. दोन म्हातारे कागदावर मान मान करत बसले न तू फाट्यावर उभी.

भाऊबीजेले येजो. खुशीले घेऊन, जावईबापूले घेऊन. देवमनजी न मैनाबाई येतीन त मागच्या सीटवर जागा आहे. पारावर लोकं बसेलच राहतीन, त्यायले दुसरं काम नाही. कोनी इचारलं, जावयाचा हात मोडला का, त मी सांगीन, दोन्ही हात धड आहेत, गाडी पोरीची आहे.

म्हणून येशीपाशी थांबू नको. सरळ दारापर्यंत चालवत येजो.

तुहा बाबा